साताऱ्याचा लेसर, सांगलीची काच

माणसं साताऱ्याला कासची फुलं बघायला जातात, ठोसेघरचा धबधबा बघायला जातात, अगदीच काही नाही तर कंदी पेढे आणायला जातात. मी गेले ती काचेच्या पट्टीवरचा एक गुलाबी पापुद्रा नीट चमकतो की नाही ते बघायला. घरी हे कारण सांगितल्यावर माझ्याबरोबर यायचा हट्ट कुणीही धरला नाही.

मी पुण्यात बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि आता लोकांचे पीएच.डी.चे प्रबंध तपासते. प्रबंध माझ्याकडे आला की मार्गदर्शक देवाला नारळ बोलतात, अशी एक अफवा आहे. मी ती कधी खोडून काढलेली नाही. या खेपेचा प्रबंध होता वैशाली मगदूम यांचा. सांगलीजवळच्या एका खेड्यात राहणारी, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. विषय रँडम लेसर.

हे प्रकरण काय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा प्रवास सुखाचा होईल. नेहमीच्या लेसरमध्ये समोरासमोर दोन आरसे असतात. उजेड त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो आणि दर फेरीला वाढत जातो. रँडम लेसरमध्ये आरसेच नसतात. असते ती बारीक पांढरी पावडर, भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात तीच, आणि तिच्यात मिसळलेलं एक गुलाबी रंगद्रव्य. आठवडी बाजारात शिरलेला माणूस जसा इकडे धडकत तिकडे थांबत लवकर बाहेर पडत नाही, तसा उजेड पावडरीच्या कणांवर आपटत आत फिरत राहतो. या रंगावर बाहेरून हिरव्या लेसरचा झोत मारला की रंगाचे रेणू जागे होतात आणि जवळून जाणाऱ्या उजेडात भर घालतात. भर पुरेशी पडली की स्क्रीनवरच्या आलेखात उंच, अणकुचीदार सुळके उभे राहतात. या भर घालण्याला आम्ही वर्धन म्हणतो.

आता हे वर्धन सगळीकडे सारखं नसलं तर? पंगतीत वाढपी अर्ध्याच पानांवरून फिरला, तर उरलेले भुकेले लोक पुढं जाणाऱ्या भांड्यात हात घालतील. इथंही तसंच होतं. जिथं हिरवा झोत कमी पडतो तिथले झोपलेले रेणू उजेड देण्याऐवजी गिळतात. त्यातही नारिंगीपेक्षा पिवळसर उजेड जास्त गिळतात, म्हणून बाहेर येणारा रंग थोडा तांबड्याकडे सरकतो. वैशालीचं म्हणणं याच्याही पुढचं होतं. तिनं लिहिलं होतं की सुळके कुठं उभे राहणार हे पूर्णपणे या असमान वर्धनावर ठरतं.

मी शंका काढली. प्रत्येक वेळी काचेची पट्टी वेगळी, पावडर कुठं दाट कुठं विरळ. मग सुळके हलले ते वर्धनामुळे की पावडरीमुळे, हे कशावरून? तिचं उत्तर एका ओळीचं आलं: मॅडम, तुम्ही येऊन बघा. विद्यापीठाची हरकत नव्हती. त्या महिनाअखेरीस तिची नोंदणी संपत होती आणि मिळायच्या तेवढ्या मुदतवाढी मिळून झाल्या होत्या. माझं समाधान झालं नाही तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाणार, हे मला माहीत होतं. म्हणून गेले.

सातारा

लेसर साताऱ्याच्या एका कॉलेजात होता, वैशालीचे मार्गदर्शक साबळे सर यांच्या ताब्यात. साबळे सर उंच, सावकाश बोलणारे. त्यांच्या घरातले अर्धे पुरुष फौजेत. हे एकटे प्रयोगशाळेत राहिले, पण चालणं मात्र परेडचंच. लेसरवरची धूळ ते स्वतःच्या रुमालानं पुसत होते.

“बसा मॅडम. चहा घ्या आधी. प्रयोग काय पळून जात न्हाई.”

खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. मग सरांनी काळे पडदे ओढले, किल्ला गेला, आणि आम्ही तिघांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढवले. वैशाली आदल्या संध्याकाळी घरी बनवलेली काच कागदात गुंडाळून घेऊन आली होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली, हातात एकच बांगडी. तिनं कागद उलगडला आणि तिचे हात तिथंच थांबले.

“काय झालं?” मी विचारलं.

“मॅडम, ही माझी काच वाटत नाही.”

काच तिचीच होती, पण तिच्यावरचा पापुद्रा दुधाळ गुलाबी असायला हवा होता तो सरबतासारखा आरपार दिसत होता. तरी लावून पाहिली. हिरवा झोत पडला, स्क्रीनवर एक बसकं, पसरट टेकाड आलं. सुळका एकही नाही. पावडरच नव्हती तर उजेड अडकणार कशात? जुन्या काचा काढून पाहिल्या, पण झोत खाऊन खाऊन त्यांचा रंग विटला होता.

“पावडर मी स्वतः वजन करून घातली होती,” वैशाली पुन्हा पुन्हा म्हणत होती. “माझ्या हातानं घातली होती, सर.”

खरं सांगते, त्या क्षणी मला तिची कीव आली आणि थोडा रागही आला. परीक्षक पुण्याहून आलाय आणि बाई बिनपावडरीची काच घेऊन येते, याला काय म्हणावं? पण मी परत जायला निघाले असते तर साबळे सरांनी मला कदाचित फौजी पद्धतीनं अडवलं असतं. पावडर आणि रंग वैशालीच्या घरी होते. मी म्हटलं, माझी गाडी आहे, उद्या सकाळी सांगलीला जाऊ, तुझ्या घरी नवी काच बनव, परवा इथं परत येऊ.

संध्याकाळी सरांनी मला राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर नेलं. समुद्राचा पत्ता नाही आणि नाव चौपाटी, पण साताऱ्यात हे कुणाला खटकत नाही. तिथली भेळ पुण्याच्या भेळेपेक्षा तिखट होती. मी तसं म्हटल्यावर भेळवाल्यानं ती तक्रार नसून कौतुक आहे असं समजून आणखी एक मिरची ठेवली.

रहिमतपूर

साबळे सर म्हणाले होते महामार्गानं जा. मला आतले रस्ते आवडतात, म्हणून कोरेगाववरून रहिमतपूरकडे वळले. दोन्हीकडे ऊस, मधे आल्याची शेतं. वैशाली शेजारी बसून कालची काच कागदातून काढत आणि परत गुंडाळत होती. रहिमतपूरच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून पाहिलं तर चाक बसलं होतं.

पंक्चरवाला मिशीवाला गृहस्थ होता. माझ्या चाकाकडे त्यानं असं पाहिलं की जणू मीच त्यात हवा भरायची विसरले होते.

“कुटनं आलासा?”

“पुण्याहून. साताऱ्यावरून सांगलीला चाललोय.”

“आन हिकडनं? आवं, मोठा रस्ता सोडून? कुणी सांगितलं तुमास्नी?” मग वैशालीकडे वळून, “तुमी तरी सांगायचं की ताई, तुमी तर हितल्याच दिसतासा.”

वैशाली पहिल्यांदा हसली. “परीक्षक हायत त्या. त्यास्नी कोण सांगणार?”

पंक्चरवाल्यानं हातातली पकड खाली ठेवून माझ्याकडे नव्या आदरानं पाहिलं आणि काटा काढून दाखवला, बाभळीचा, चांगला बोटभर. चाक होईस्तोवर आम्ही त्याच्या बाकावर बसून भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. तिथं वैशाली बोलायला लागली. नवऱ्याचा हळदीचा व्यापार. तो म्हणतो, तुला हवं तेवढं शिक. सासूनं तिच्या पहाटेच्या स्वयंपाकातलं काम वाटून घेतलं, म्हणून ती आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी पकडून साताऱ्याला येऊ शकली.

“कॉलेजात सगळे विचारतात, आता या वयात कशाला?” ती म्हणाली. “मला सांगता येत नाही, मॅडम. पण तो पहिला सुळका उभा राहिला ना, त्या दिवशी मी रेल्वेत उभी होते, जागा मिळाली नव्हती, आणि मला काही वाटलंच नाही. सांगलीपर्यंत उभी आले.”

हे ऐकून माझा आदल्या दिवशीचा राग गेला. राग गेला म्हणून शंका जात नाही, हे मात्र मी तिला तिथंच सांगितलं. तिनं मान डोलावली आणि शेंगांची टरफलं गोळा करून डब्यात टाकली.

सांगली

विट्यावरून तासगावकडे येताना द्राक्षांच्या बागा लागल्या आणि बेदाणे वाळवायच्या लांबलचक शेड. सांगलीत हळदीच्या पेठेजवळ गाडीच्या काचा बंद असूनही वास आत आला. पुण्यात हळद डब्यात असते. इथं ती हवेत असते, माणसांच्या शर्टावर असते.

वैशालीचं घर गावाच्या कडेला, मागं उसाचं रान. दारातच तिच्या सासूबाई उभ्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. नऊवारी, मोठं कपाळ, आवाज खणखणीत.

“जय जिनेंद्र बाई. या, बसा. ऊन लय हाय. आदी पाणी घ्या, मग काय ते बोला.”

पाण्याच्या पिंपावर पांढरं जाड फडकं बांधलेलं होतं. हे घर जैनांचं. पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही आणि दिवस बुडाल्यावर जेवत नाही. मी पाणी पीत अंगणात पाहिलं. वाळत घातलेल्या कपड्यांत एक दुहेरी फडकं होतं, गर्द गुलाबी. आपल्या साड्यांत असतो तो गुलाबी नव्हे. उन्हात डोळ्याला टोचणारा, आतून पेटल्यासारखा गुलाबी. हा रंग मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पाहत आले आहे. मग मी अक्कांच्या हाताकडे पाहिलं. बोटांची टोकंही तशीच होती.

“अक्का,” मी विचारलं, “हे फडकं कशानं रंगलं?”

“त्ये व्हय?” अक्का खुलल्या. “आवं, हिची ती बाटली! परवा दुपारी कालवून ठिवली आन कालेजात गेली. मी बघतीय तर खाली ह्यो एवढा पांढरा गाळ बसलेला. म्हटलं, पोरगी परीक्षेला जाणार आन असलं गढूळ घिऊन? दुहेरी फडक्यानं दोनदा गाळलं. कसं निवळशंख झालं हुतं! त्यो रंग मातर बोटावरनं अजून जाईना झालाय.”

वैशालीनं ते फडकं दोरीवरून काढून हातात घेतलं. त्या संध्याकाळी वीज गेली होती. तिनं बॅटरीच्या उजेडात ती बाटली काचेवर ओतली होती आणि फरक तिच्या ध्यानात आला नव्हता.

“आवं अक्का,” ती म्हणाली, “त्यो गाळच पाहिजे हुता मला.”

अक्कांना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला हसू आलं होतं ते घशातच राहिलं. कुणाच्याही घरी सासू सुनेची बाटली ओतून देईल, फेकून देईल. काळजीनं दोनदा गाळून परत जाग्यावर ठेवणारी सासू याच घरात भेटायची. गाळून उरलेलंसुद्धा त्यांनी टाकलं नव्हतं. पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते पुन्हा विहिरीत सोडायची त्यांच्यात रीत आहे. हे पाणी नव्हे एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून विहिरीत न सोडता वाटीत झाकून ठेवलं होतं. त्यांनी ती वाटी आणून सुनेपुढं ठेवली.

“ह्ये चालंल का?”

“चालंल, अक्का. पण नवीनच करते,” वैशाली म्हणाली, अगदी हळू.

तिनं लगेच कामाला सुरुवात केली. मी शेजारी स्टूल टाकून बसले. तिनं पावडर तोलली, रंग तोलला, पारदर्शक चिकट द्रावणात दोन्ही कालवलं आणि गाळ बसू नये म्हणून बाटली हातातच हलवत राहिली. काच वाळायला कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. अक्कांनी ते पाहिलं.

जेवण दिवसाउजेडी झालं. खपली गव्हाची हुग्गी, वर तुपाची धार, शेंगांची चटणी, दही, भाकरी. कांदा नाही, लसूण नाही आणि मला दोन्हीची आठवणही झाली नाही. हुग्गी म्हणजे आपली गव्हाची खीर, पण आमच्याकडची खीर तिच्यापुढं आजाऱ्याची पेज वाटावी. माझ्या पुणेरी पोटाला मात्र नऊला जेवायची सवय. त्यानं नऊ वाजता नेमानं चौकशी केली, आणि मी पर्समधले कंदी पेढे उशीखाली ठेवून गुपचूप खाल्ले.

पुन्हा सातारा

सकाळी गाडीत बसताना अक्का मागच्या सीटवर आधीच बसलेल्या होत्या.

“मी येतीया,” एवढंच म्हणाल्या.

या खेपेला महामार्ग धरला. कराडच्या पुढं अक्कांनी विचारलं, “बाई, ह्यो उजेड कशाला पाहिजे एवढा? काय उपेग त्याचा?” मी म्हटलं, आरसे नको, मोठं यंत्र नको, रंगासारखा फासता येईल असा लेसर होईल कधीतरी. अक्का विचार करून म्हणाल्या, “मग कवाबी होऊ द्या. हिचं मातर ह्या म्हयन्यात झालं पायजे.”

प्रयोगशाळेच्या दाराशी त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. साबळे सरांनी आत बोलावलं, जादा चष्माही पुढं केला. त्यांनी हात जोडले. “नगं. माझा हात लागला की कायतरी बिघडतंय.”

आत पडदे ओढले. वैशालीनं नवी काच लावली आणि स्क्रूनं घट्ट आवळली. माझ्या शंकेचं उत्तर तिनं असं ठरवलं होतं: काच जागची हलवायचीच नाही. पावडर तीच, जागा तीच. फक्त हिरव्या झोताच्या वाटेत एक काच धरायची, जी एका टोकाला स्वच्छ आणि दुसऱ्या टोकाकडे काळसर होत जाते. म्हणजे पापुद्र्याला डावीकडे जास्त उजेड, उजवीकडे कमी. मग ही वाटेतली काच उलटी धरायची. सुळके जर पावडरीमुळेच असतील तर त्यांच्या जागा बदलणार नाहीत, फार तर उंची बदलेल. जागा बदलल्या तर ते काम असमान वर्धनाचं.

आधी सगळीकडे सारखा उजेड टाकला. टेकाड आलं आणि त्याच्यावर सरसर सुळके उभे राहिले. वैशालीनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. साबळे सर म्हणाले, आणलीच आहे तर अक्कांची काचही लावून बघू. गाळलेली काच लावली, टेकाड बसकंच राहिलं. पावडर हवीच, हे अक्कांच्या कृपेनं पुन्हा एकदा सिद्ध झालं. मग नवी काच पुन्हा आवळली, सारख्या उजेडाचा आलेख पुन्हा घेतला आणि यापुढं तिला कुणीही हात लावायचा नाही असं ठरलं.

मग काळसर काच आली. रंग किंचित तांबड्याकडे सरकला आणि सुळके दुसरीकडे उभे राहिले. उलटी धरली, सुळके पुन्हा हलले. सरळ धरली, पहिले परत आले. मी स्वतः उठून काळसर काच तीन-चारदा उलटसुलट केली. दर वेळी तेच. मला आनंद झाला, तो लपवायचं काही कारण नव्हतं. इतके दिवस मनात धरलेली शंका डोळ्यांदेखत फिटते, हे सुख आमच्या धंद्यात फार वेळा मिळत नाही.

“झालं माझं समाधान,” मी म्हटलं आणि चष्मा काढायला हात वर केला.

“मॅडम, थांबा,” वैशाली म्हणाली.

ती स्क्रीनजवळ गेली. तिन्ही आलेख एकाखाली एक मांडले आणि बोट ठेवलं. उजव्या अंगाला, मोठ्या सुळक्यांच्या गर्दीत एक बुटका सुळका होता. सारख्या उजेडात तिथंच, डावीकडे जास्त उजेड असताना तिथंच, उजवीकडे जास्त असताना तिथंच.

“हा हलला नाही,” ती म्हणाली. “पावडरीत कुठंतरी एका जागी उजेड इतका घट्ट अडकलाय की वर्धन कसंही असलं तरी याला फरक पडत नाही. हा पावडरीचाच. तुमची शंका याच्यापुरती खरी आहे. मी ‘पूर्णपणे’ लिहिलंय ते चुकलंय.”

साबळे सरांनी डोळे मिटले. प्रबंधाचं मुख्य विधान परीक्षकासमोर स्वतःच चूक म्हणायचं, तेही परीक्षक खूश होऊन उठत असताना! नोंदणी संपायला आलेली. मी त्या सुळक्याकडे पाहिलं. खरंच हलला नव्हता. तिन्ही वेळा तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता.

“मी हा पाहिला नव्हता,” मी म्हटलं. “तू दाखवला नसतास तर मी सही करून गेले असते.”

“पण मी पाहिला होता ना, मॅडम.”

मग मी तिला म्हटलं, “पूर्णपणे” काढ, “बहुतांशी” लिही, आणि या सुळक्यासाठी वेगळं प्रकरण घाल, छोटं चालेल, आठवड्यात कर. माझा अहवाल मी तिथंच त्या टेबलावर लिहिला आणि सही केली. वैशाली पडद्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि साबळे सर विनाकारण लेसर पुसायला लागले.

बाहेर अक्का बाकावर तशाच बसल्या होत्या, गुलाबी बोटं एकमेकांत गुंतवून. निकाल असा बाहेर सांगायचा नसतो, पण मी त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं.

“अक्का, तुमची सून पास झाली.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “खरं सांगतासा न्हवं बाई? माझं मन राखाय म्हणून न्हाई?”

“मन राखायला मी आजवर कुणाला पास केलेलं नाही. ती माझ्याशी खरं बोलली, नापास व्हायची वेळ होती तेव्हा बोलली. म्हणून पास झाली.”

अक्का उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मग त्यांनी दारावरचा काळा पडदा स्वतःच्या हातानं बाजूला केला आणि आत गेल्या.